सहाव्या दिवशी काढलेले टेकू

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

काल दुपारी आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो. माणसं आली, सामान आलं, चर्चच्या पाळकसाहेबांची टोपी तेवढी विमानात राहिली. आईची तब्येत ठीक आहे. तिनं पहिला प्रश्न तुझ्याबद्दल विचारला, दुसरा तुझ्या गुडघ्याबद्दल आणि तिसरा, परक्या देशात तिला एकटीला टाकून तुम्ही आलातच कसे, हा. मी म्हटलं, तिथल्या दवाखान्याला दोन महिने परिचारिका हवी होती, आणि तुला अडवायची ताकद आपल्या घरात अजून कुणाच्या अंगात आलेली नाही. ते तिला पटलं.

या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. आधी दोन पानं लिहून फाडली, कारण त्यांत मी माझी बाजू फारच छान मांडली होती. आता सरळ लिहितो.

मंडळीतर्फे तिथल्या दवाखान्याला बांधून दिलेल्या बाळंतिणींच्या नव्या खोलीचा स्लॅब आपण सोमवारी, सत्तावीस तारखेला ओतला. पावसानं मधले चार दिवस खाल्ले, म्हणून उशीर झाला. खोली वीस फूट बाय सोळा फूट. एवढ्या स्लॅबखालचे टेकू निदान चौदा दिवस हलवायचे नसतात. तिथल्या थंडीत सिमेंट आळशी होतं, तेव्हा त्याहूनही जास्त दिवस. हे मला कुणी शिकवायला नको. बांधकाम खात्यात बावीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच ऐकवत आलो आहे. आणि तरी ते टेकू रविवारी, सहाव्या दिवशी निघाले. माझ्या होकारानं निघाले.

तू तेव्हा दवाखान्यात सुया उकळत होतीस. पाळकसाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले की समर्पणाची प्रार्थना खोलीत उभं राहून व्हायला हवी आणि आत तर वाशांचं जंगल आहे. फोटोतही काम अर्धवट दिसेल. चर्चच्या मंडळीतली म्हातारी माणसं वर्षभर ज्यासाठी प्रार्थना करत होती ते पुरं झालेलं त्यांना दिसू दे. सोमवारी तर आपण निघणार. चालेल ना, असं त्यांनी विचारलं आणि मी चालेल म्हणालो. पुढचा 'पण' ओठांवर आला होता, तो गिळला.

का गिळला, ते तीन दिवस शोधतो आहे. पाळकसाहेबांचा मान राखला म्हणावं, तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की तो फोटो मलाही हवा होता.

आणखी एक गोष्ट खुपते. स्लॅब ओतला त्या संध्याकाळी तिथल्या गवंडीदादांनी शाळेतल्या शिक्षिकाबाईंकरवी मला विचारलं होतं, तुमच्याकडे टेकू किती दिवस ठेवतात. मी ऐटीत व्याख्यान दिलं. चौदा तर ठेवायचेच, थंडीत एकवीस, आणि पुरी ताकद यायला अठ्ठावीस. रविवारी मीच हातानं काढा म्हणून खूण केली, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाचरी ठोकून सैल केल्या.

ताई, त्या खोलीत कुणालाही झोपवू नकोस. खोलीला कुलूप घाल. छताला मधोमध तडा दिसतो का ते बघ, पण दारातून. आत जाऊन नाही. गावात फोन नाही, आणि जिल्ह्याच्या इस्पितळाची लाईन बंद आहे असं एक्सचेंजमधली बाई दोन दिवस सांगते आहे. तार केली तरी पुढे ती तुमच्या आठवड्यातून एक-दोनदा येणाऱ्या डाकगाडीनंच येणार. म्हणून हे पत्र. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, या खेपेला तो माझ्या लायकीकडे न बघता असू दे.

तुझा
धाकटा भाऊ

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. तपासनीसास,
अनेक आशीर्वाद.

तुम्हाला विमानतळावर सोडून मी मंगळवारी संध्याकाळी परत आले. घरी पोचल्यावर कुलूप तीनदा ओढून बघितलंस की आता वयोमानानं चारदा? लहानपणी तुला तपासनीस म्हणायला लागलो ते उगीच नाही. पाळकसाहेबांना सांग, त्यांनी मागे ठेवलेला खोकला इथल्या पाच मुलांना पुरला.

माझा गुडघा माझ्याशी बोलत नाही, पण चालतो. सकाळी साठ-सत्तर माणसं तपासते. जुन्या खोलीचा पत्रा तीन ठिकाणी गळतो. त्याखाली मी तीन वाडगे ठेवलेत आणि बाळंतिणीची खाट चौथ्या कोपऱ्यात. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे खोकणारे, पलीकडे कळा देणारी. आणि वीस पावलांवर तुम्ही बांधलेली ती छान खोली रिकामी.

रिकामी का, तर गवंडीदादा किल्ली देत नाही. माझं आणि त्याचं चांगलंच जुंपलं आहे. बुधवारी म्हणाला, भिंती ओल्या आहेत. गुरुवारी म्हणाला, किल्ली सापडत नाही. शुक्रवारी म्हणाला, दाराच्या बिजागरीला तेल द्यायचं आहे. तीन दिवसांत माणूस तीन कारणं देतो तेव्हा खरं कारण चौथंच असतं, हे आपण दोघं आईकडून शिकलो. स्वतः मात्र रोज सकाळी शिडी लावून छतावर चढतो, बादल्या बादल्या पाणी ओततो, खाली उतरून आत डोकावतो आणि कुलूप लावून जातो. खिडक्यांना आतून पोती लावली आहेत. मला वाटतं त्यानं आत स्वतःचं सामान ठेवलं असावं. शिक्षिकाबाई आमच्या दोघांमध्ये दुभाषी. हल्ली माझं बोलणं त्याला सांगताना त्या जमिनीकडे बघतात आणि त्याचं मला सांगताना आभाळाकडे. बिचारीचे दिवस भरत आले आहेत. तिचं बाळंतपण मला त्या पडद्यामागे करायचं नाही.

काल चारचौघांत मी गवंडीदादाला चांगलं सुनावलं. म्हटलं, खोली देवाला समर्पण झाली आहे, तुझ्या कुलपाला नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. गावच्या प्रमुखबाईंना मी स्पष्ट सांगितलंय, येत्या शनिवारी, पंधरा तारखेला, किल्ली नाही मिळाली तर लोहाराला आणून कुलूप तोडीन आणि खाटा आत हलवीन.

आईला माझा पापा दे. तुझ्या बायकोला म्हणावं, नवरा काळजी करायला लागला की त्याला भांडी घासायला दे. माझी माया तुझ्या वहीत नोंदवली नाहीस तरी आहे तेवढीच आहे.

तुझी
ताई

---

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं नऊ तारखेचं पत्र आज मिळालं. ते लिहिताना माझं पत्र तुला पोचलेलं नव्हतं, आणि शनिवार उलटून आज दोन दिवस झाले. कंबर कसल्यावर तू काय करतेस ते मला पुरतं माहीत आहे. लोहार, हातोडा, कुलूप, खाटा. सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं आणि त्यापुढे मी जात नाही.

ताई, गवंडीदादांनी किल्ली का दिली नाही ते मला कळलंय असं वाटतं. शुक्रवारी फोटो धुऊन आले. मंडळीच्या फलकावर मोठा फोटो लावला आहे, तुम्ही-आम्ही सगळे त्या खोलीत ओळीनं उभे. फोटो छान आला म्हणून सगळे माझी पाठ थोपटत होते. मी भिंग आणून बघितलं. एकूण एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. फक्त कडेला उभे असलेले गवंडीदादा वर छताकडे बघताहेत. त्यांना तेव्हाच माहीत होतं. तू त्यांना चारचौघांत बोललीस, आणि ते कदाचित तुझाच जीव वाचवत होते. हा दोष तुझा नाही. मी जे चारचौघांत बोललो नाही, त्याचं हे फळ.

तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, पाळकसाहेबांना सांगितलंत का. मी म्हणालो, त्यांना दुखवायचं नाही. ती म्हणाली, दुखेल ते तुमचं. मग भांडी माझ्याकडे सरकवली. तुझा सल्ला तुझ्या पत्राआधीच इथे पोचतो म्हणायचा.

शनिवारी गेलो त्यांच्याकडे. सगळं सांगितलं तसे ते बाकावर बसले. आधी म्हणाले की मी तुला विचारलं होतं, तू नाही म्हणायचंस. मग स्वतःच म्हणाले की नाही, मी अशा तऱ्हेनं विचारलं की एकच उत्तर देता येईल. नंतर आम्ही दोघं मिळून दोन तास फोनला चिकटलो. तुमच्या राजधानीतल्या मिशनच्या कचेरीत अखेर फोन लागला. ते निरोप पाठवतो म्हणाले. पण कसा, तर त्याच डाकगाडीनं. पाळकसाहेबांनी फोन ठेवला आणि आम्ही प्रार्थना केली. मी प्रार्थनेत असतानाही मनात स्लॅबचं वजन काढत होतो. पंधरा टन आलं. हे देवाला दिसलंच असेल, तुलाही सांगून टाकतो.

ज्या क्षणी हे पत्र मिळेल त्या क्षणी सगळ्यांना बाहेर काढ. मग मला एक ओळ लिही. चांगली असो, वाईट असो, पण खरी.

तुझ्या मायेच्या जोरावर आजवर निभावलं, यापुढेही तीच भिस्त.

तुझा
धाकटा भाऊ

---

दि. १८ फेब्रुवारी

चि. तपासनीसास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: छत जागेवर आहे, सगळे धडधाकट आहेत, आणि त्या खोलीत अजून कुणीही झोपलेलं नाही. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

शनिवारी सकाळी मी लोहाराला घेऊन निघाले होते. मागे अर्धं गाव, पुढे मी. तेवढ्यात डाकगाडी आली आणि ड्रायव्हरनं तुझं पाकीट हातात दिलं. तुझं अक्षर बघून वाटलं, पोचल्याची खबर असेल, नंतर वाचू. पण पाकीट जाड होतं आणि तू कधी जाड पत्र लिहीत नाहीस. तिथेच रस्त्यात उभं राहून वाचलं. लोहार हातोडा खांद्यावर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्याला म्हटलं, बाबा, तू घरी जा.

मग मी एकटी शिक्षिकाबाईंना घेऊन गवंडीदादाकडे गेले. तुझं पत्र त्याला शब्दनशब्द सांगायला त्यांना लावलं. व्याख्यान, फोटो, गिळलेला 'पण', काही वगळलं नाही. तो ऐकत राहिला, मग उठला आणि खिशातून किल्ली काढली. सापडत नसलेली किल्ली तीच.

अरे, आत वाशांचं जंगल! एकूण एक टेकू उभा. तुमची मोटार सोमवारी वळणाआड गेली आणि तासाभरात त्यानं चार माणसं लावून ते सगळे परत लावले. शाळेमागे नीट रचून ठेवले होते. खाली फळ्या, वर फळ्या, नव्या पाचरी. मी तेव्हा तुमच्याबरोबर मोटारीत. मंगळवारी आले तोवर कुलूप लागलेलं होतं. पोती लावली ती मला दिसू नये म्हणून. अख्ख्या गावाला माहीत होतं. पोरासोरांना, लोहाराला, प्रमुखबाईंना. शिक्षिकाबाई आभाळाकडे का बघत होत्या ते आता कळलं. माहीत नव्हतं ते फक्त मला, कारण मीही पाहुणी.

मी विचारलं, आम्हाला सांगितलं का नाही. तो म्हणाला, पाहुण्यानं सगळ्यांसमोर हो म्हटल्यावर त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नसतं. पाहुणा गेला की दुरुस्त करता येतं. आणि छत पडायला आठ दिवस लागले असते, तुमच्या भावाची मान खाली जायला एक शब्द पुरला असता. असं म्हणून तो हसला. त्याच्या तोंडात पुढचे दोन दात नाहीत हे मला पहिल्यांदाच दिसलं, कारण माझ्यासमोर हसायची त्याला मी संधीच दिली नव्हती. वीस वर्षांचा असताना त्यानंही एका मोठ्या माणसाच्या घाईपायी गोदामाचे टेकू आधी काढले होते. छत दोन शेळ्यांवर पडलं. त्या शेळ्या अजून आठवतात म्हणाला.

तू विचारलेला तडा आहे. मधोमध, वीतभर, केसाएवढा. त्यानं त्यावर खळ लावून कागदाच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या आहेत. तडा वाढला तर कागद फाटेल. रोज सकाळी तो आत डोकावतो ते त्या पट्ट्या बघायला. बारा दिवसांत एकही फाटलेली नाही. कागद कुठला म्हणशील, तर आपल्या समर्पणाच्या उपासनेच्या छापील पत्रिका! जाड कागद आहे, कामाचा आहे, म्हणाला.

ज्या चारचौघांत मी त्याला बोलले होते त्याच चारचौघांत, विहिरीपाशी, मी माफी मागितली. तो इतका अवघडला की बादली उचलून चालायला लागला. रिकामीच.

शिक्षिकाबाईंना रविवारी मुलगी झाली. पडद्यामागे, चौथ्या कोपऱ्यात. दोघी छान आहेत. वाडगे भरले, पण कोपरा कोरडा राहिला.

आता झोप. हा मोठ्या बहिणीचा हुकूम आहे. माया नेहमीसारखी, हुकूम जादा.

तुझी
ताई

---

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र आज कचेरीत मिळालं. पहिली ओळ वाचली आणि नकाशाच्या टेबलावर डोकं टेकून बसलो. शिपायानं विचारलं, साहेब, घरी सगळं ठीक ना. मी म्हणालो, छत जागेवर आहे. त्यानं वर पंख्याकडे बघितलं आणि हो म्हणाला.

घरी आल्यावर आईसकट सगळ्यांना वाचून दाखवलं. आईला आता सगळं माहीत आहे. ती म्हणाली, मला वीस दिवस हा पोरगा भाताला मीठ जास्त झालं तरी माफी मागत होता, तेव्हाच मी ओळखलं होतं. मग तिनं शेळ्यांची गोष्ट परत वाचायला लावली.

एक सांगायचं आहे. तुझं पत्र येण्याआधी, तेवीस तारखेच्या रविवारी, मी उपासनेनंतर मंडळीपुढे उभा राहिलो आणि झालं ते सांगितलं. पाळकसाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले; मी बोलावलं नव्हतं. तेव्हा छत आहे की नाही हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आज वाटतं, बरं झालं. सुटका आधी कळली असती तर मी हीच गोष्ट विनोदी करून सांगितली असती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. माझं बोलणं संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी विचारलं, आम्ही प्रार्थना केली ती खोलीसाठी, फोटोसाठी कुणी केली? ठरलं ते एवढंच, की पुढच्या दौऱ्यात समर्पणाचा दिवस आपण ठरवायचा नाही. काम जे सांभाळणार आहेत ते ठरवतील; आपण तेव्हा तिथे असू वा नसू.

सुटलो, ताई. आणि सुटलो म्हणून थोडी लाजही वाटते. माझी चूक दुसऱ्यानं पाठीवर घेतली, वर तुझी बोलणीही खाल्ली, आणि मी इथे बसून फक्त काळजी केली. काळजी करणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं, हा माझा जुना रोग.

अठ्ठावीस दिवस परवाच पुरे झाले. पण टेकू कधी काढायचे ते मी सांगणार नाही. गवंडीदादांना सांग, त्यांचं छत आहे, त्यांनी ठरवावं. त्यांना माझा सलाम सांग, आणि तो शिक्षिकाबाईंना जपून सांगायला लाव. त्यात उपकाराची भाषा नको. एका कामगारानं दुसऱ्याला करावा तसा.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस; फार झाला तर थोडा तिकडे गवंडीदादांना दे.

तुझा
धाकटा भाऊ

---

दि. ८ मार्च

चि. तपासनीसास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. सलाम पोचवला. गवंडीदादानं तो दोन्ही हातांनी घेतल्यासारखा घेतला, आणि विचारलं की साहेब मनाला लावून घेतात का. मी म्हटलं, तो त्याचा धंदाच आहे. त्यावर तो म्हणाला, मग तो चांगला गवंडी झाला असता. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, फुगू नकोस.

अठ्ठावीस दिवस झाले तरी त्यानं टेकू काढले नव्हते. त्याचा हिशेब असा, की छताला मध्ये एकदा धक्का बसला, तेव्हा ते टेकू परत लावल्या दिवसापासून मोजायचं. तो आकडाही सोमवारी पुरा झाला. तरी थांबला होता. तुझ्या पत्रासाठी. मी म्हटलं, अरे, तो तर तूच ठरव म्हणतोय. तो म्हणाला, हो, पण ते त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

काल, शुक्रवारी सकाळी, काढले. ना भाषण, ना फोटो. मधल्यापासून सुरुवात करून तो कडेकडेला सरकत गेला. एक पाचर सैल करायची, थांबायचं, वर पट्ट्यांकडे बघायचं, मग दुसरी. दोन तास लागले. मी दारात उभी राहून तुझ्या वाटणीची काळजी करून घेतली. शेवटचा वासा बाहेर गेला, पट्ट्या होत्या तशा होत्या. मला वाटलं झालं, आता खाटा आणू. तर तो म्हणाला, एकच खाट आणा.

ती त्यानं स्वतः उचलून नेमकी तड्याखाली ठेवली, पायताण काढून दाराबाहेर ठेवलं आणि तिच्यावर आडवा झाला. शिक्षिकाबाई बाळाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा बांधलेल्या प्रत्येक छताखाली पहिल्यांदा स्वतः झोपतो, त्याशिवाय दुसऱ्या कुणाला झोपू देत नाही. शेळ्यांपासूनची सवय. मला वाटलं, नावाला पाच मिनिटं पडेल आणि उठेल. पण पाच आठवडे पहाटे उठून पाणी ओतणारा माणूस तो. बघता बघता घोरायला लागला. काय घोरणं रे ते! पंधरा टन त्यानं पडायचे असते तर कालच पडले असते.

बाहेर माझ्या रोग्यांची रांग लागली होती. दोन बाया पोट सावरत उभ्या होत्या, खोकणारे खोकत होते, आणि माझा गुडघा ठणकत होता. मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. तशी गरज नव्हती, कुणीच आवाज करत नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. कुलूप लावलं नाही. तास-दीड तास आम्ही सगळे तसेच उन्हात बसून त्याचं घोरणं ऐकत होतो.

सुखी राहा, आईला सांभाळ, आणि मला जीव लावतोस तो लावत जा.

तुझी
ताई